सेफ्टीचा खटका नसलेलं पिस्तूल

प्रश्न : सर, म्हापशात दुकान आहे, रोज रात्री गल्ला घेऊन स्कूटरने घरी जातो. लायसन्सवर .३२ पिस्तूल घेतलंय पण त्याला सेफ्टीचा खटकाच नाही, आधीच्याला होता. भरलेलं कमरेला लावायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. बायको म्हणते घरीच ठेवा. काय करू?
— एक दुकानदार, बार्देश

उत्तर : पोटात गोळा येतोय हे चांगलंय, ज्यांना येत नाही त्यांचीच मला जास्त काळजी वाटते.

खटका नाही म्हणजे सेफ्टीच नाही असं नसतं हो. ग्लॉक नावाच्या पिस्तुलाला पण बाहेर खटका नाही, ते ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८० च्या दशकातच घेतलं (ते ९ एमएमचं, ते माप आपल्याकडे सामान्य माणसाला मिळत नाही, ती गोष्ट वेगळी). आत फायरिंग पिनला, म्हणजे गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या सुईला, अडवणारा एक तुकडा असतो, तो ट्रिगर दाबल्याशिवाय बाजूला होत नाही, म्हणून पडलं तरी सहसा उडत नाही. तुमच्या पिस्तुलात तो आहे का हे लायसन्सवाल्या गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून) बघून घ्या, जुन्या मॉडेलात नसतो, आणि नसला तर चेंबर (नळीच्या मागची, उडायची गोळी बसते ती जागा) रिकामं ठेवूनच फिरायचं, त्यात वाद नको.

आता राहिला ट्रिगर. तो झाकायचं काम होल्स्टरचं, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाचं. ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) पूर्ण झाकणारं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं, कडक होल्स्टर घ्या. मऊ पडलेलं चामडं आत दुमडतं आणि तेच ट्रिगर दाबतं. पँटच्या खिशात चाव्यांबरोबर, नुसतं कमरेत खोचून किंवा स्कूटरच्या डिकीत, तिन्ही बंद. २०१६ च्या आर्म्स रूल्समध्ये पण हँडगन होल्स्टरमध्ये, झाकलेली आणि स्वतःच्या ताब्यात हवी असंच आहे.

धोका बसल्याजागी नसतो, पिस्तूल परत आत घालताना असतो. आपल्या पावसात विंडचिटर असतोच, त्याच्या दोरीच्या टोकाला ते प्लास्टिकचं बोंडूक असतं ना, ते होल्स्टरच्या तोंडाशी लोंबत असतं, पिस्तूल खाली सरकलं की बरोब्बर ट्रिगर गार्डात शिरतं, माणूस जोर लावतो आणि गोळी मांडीत. म्हणून दोरी कापूनच टाका. बोट बाहेर, सरळ, शर्ट डाव्या हाताने वर, होल्स्टरकडे बघत सावकाश घाला, अडलं तर ढकलू नका, बाहेर काढून बघा. बसवताना घाई कोणालाच नसते. त्याहून बरं म्हणजे घरीच पिस्तूल होल्स्टरमध्ये बसवायचं आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावायचं. हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू दे, झेलताना बोट नेमकं ट्रिगरवर जातं.

माझं विचाराल तर पहिले काही महिने मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) भरलेलं, चेंबर रिकामं. मग गोळी चेंबरमध्ये आणायला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला वेळ जातो खरा आणि त्याला दोन हात लागतात, स्कूटर चालवताना ते जमणार नाही, पण चालत्या स्कूटरवरून पिस्तूल काढायचंच नसतं. जत्रेला, बारमध्ये, लग्नात नेऊ नका, एक पेग घेणार असाल तरी ते घरी कुलपात. बायकोचं तेवढं ऐका.

आणि डमी राउंड (न उडणाऱ्या खोट्या गोळ्या) घालून रोज दहा वेळा काढा-घाला करा, विंडचिटर घालूनच.