मशीनच्या उभ्या ॲक्सिसचा सर्व्हो ऑफ केला की तो दोन-तीन एमएम खाली येऊन थांबतो, मोटरचा ब्रेक बदलायचा का?

दोन-तीन एमएम खाली येऊन थांबतो म्हणताय ना, मग लगेच ब्रेक बदलू नका. थांबतोय म्हणजे ब्रेक पकडतोय, फक्त उशिरा पकडतोय. लायनिंगला, म्हणजे ब्रेकच्या घर्षणाच्या थराला, तेल लागलेलं असतं किंवा ती घासून गेलेली असती तर ॲक्सिस हळूहळू घसरतच राहिला असता.

या ब्रेकचं काम उलटं असतं, कॉइलला २४ व्होल्ट डीसी मिळाले की सुटतो आणि सप्लाय गेला की स्प्रिंग किंवा काही मोटरमध्ये परमनंट मॅग्नेट पकडतं. पण सप्लाय तोडला म्हणून कॉइलमधला करंट लगेच शून्य होत नाही, थोडे मिलिसेकंद जातातच आणि तेवढ्यात ड्राइव्हने, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरने, टॉर्क सोडला की लोड मोकळा. मोकळी पडणारी वस्तू ५० मिलिसेकंदात साधारण १२ एमएम खाली येते, तुमच्याकडे स्क्रू आणि रोटरमुळे कमी येतंय इतकंच.

म्हणून आधी ड्राइव्हमधलं ब्रेक डिलेचं पॅरामीटर बघा, ब्रेक पूर्ण लागेपर्यंत मोटरने लोड धरून ठेवायला हवा. इमर्जन्सी स्टॉप थेट एसटीओला (सेफ टॉर्क ऑफ, मोटरचा टॉर्क लगेच तोडणारं सेफ्टी फंक्शन) जोडला असेल तर मात्र टॉर्क तिथल्या तिथे जातो, डिले कितीही टाका, तिथे एसएस१ (सेफ स्टॉप १, आधी मोटर थांबवून मग टॉर्क तोडणारं) लागतो. मग कॉइलला समांतर काय लावलंय ते बघा. साधा डायोड असेल तर करंट त्यातूनच फिरत बसतो आणि ब्रेक अजून उशिरा लागतो, त्याजागी व्हॅरिस्टर (व्होल्टेज वाढलं की करंट सोडणारा रेझिस्टर) लावतात, त्यात करंट लवकर संपतो. पॅनेलवाले सवयीने डायोडच ठोकतात, हे फार कॉमन आहे.

आणि चालती मोटर याच ब्रेकने थांबवू का, तर नाही. हा होल्डिंग ब्रेक आहे, थांबलेला लोड धरायला, फिरताना लावायचा तो फक्त इमर्जन्सीत. रोज तसं केलं की लायनिंग झिजते, एअर गॅप वाढतो, मग कॉइलला आर्मेचर (ब्रेकची हलणारी लोखंडी प्लेट) पूर्ण ओढता येत नाही आणि ब्रेक अर्धवट घासत राहतो. लांब केबलमुळे व्होल्टेज पडलं तरी हेच होतं, त्यामुळे मीटर पॅनेलमध्ये नाही, मोटरच्या कनेक्टरवर लावा.

हे सगळं तपासताना ॲक्सिसखाली ठोकळा लावूनच हात घाला, ब्रेकच्या भरवशावर नको.