आई विसरायला लागली आहे, टीएसएच ९ आलाय. थायरॉईडची गोळी सुरू करावी का?

तुम्ही लिहिलंय की आई ७२ वर्षांच्या आहेत, निपाणीजवळ गावी असतात, गेल्या काही महिन्यांत विसरायला लागल्यात आणि दिवसभर पडून असतात. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ९ आहे (ते वाढलं की थायरॉईड कमी पडतंय का अशी शंका येते); टी-४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, नॉर्मल. पाहुणे म्हणतात, थायरॉईडच आहे, गोळी चालू करा.

मी डॉक्टर नव्हे, खानापुरात माझं मेडिकल दुकान आहे. पण घाई नको, एवढं नक्की सांगतो. थायरॉईड खरंच फार कमी पडलं की माणूस मंदावतो, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, विसरायलाही होतं. टी-४ नॉर्मल असेल तर गोष्ट वेगळी. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच. २०१७ साली युरोपातल्या ६५ वर्षांवरच्या अशाच ७३७ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना खरी गोळी दिली, काहींना नुसती तशी दिसणारी. खऱ्या गोळीने आकडा उतरला, पण थकव्यात काडीचा फरक नाही. वर डोस जास्त झाला तर या वयात छातीत धडधड आणि हाडं ठिसूळ. शेजारणीची गोळी अर्धी करून देणं आमच्याकडे सर्रास चालतं, ते तेवढं करू नका.

मी आधी आईंच्या गोळ्यांची पिशवी पालथी केली असती. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर रक्तातलं सोडियम (मीठ) उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. शुगरची मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं. झोपेची गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी या वयात डोकं जड करतातच. पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा. सोडियम, बी-१२, हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघायला सांगा. बाबा गेल्यापासून गप्प झाल्यात का, ऐकू कमी येतं का, हेही सांगा. उदासीपणाही विसरण्याचं सोंग घेऊन येतो.

आता आपल्या भागातली खास अडचण. बेळगावात स्मरणशक्तीची तपासणी बऱ्याचदा कानडीतून होते. ज्या बाईचा सगळा जन्म मराठीत आणि शेतात गेला, तिला कानडीत 'आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करा' विचारलं तर मार्क कमी पडणारच. तिला तारीख नाही, परवा संकष्टी आहे हे पक्कं ठाऊक असतं. मराठीतून विचारा म्हणून आग्रह धरा, त्या किती शिकल्यात ते आधीच सांगा. घरातलं माणूस जे सांगतं ते त्या मार्कांइतकंच कामाचं असतं: गॅस तसाच राहतो का, भाकरीला मीठ दोनदा पडतं का, नेहमीच्या वाटेवर चुकतात का.

आणि एक. हे सगळं सावकाश चाललेल्या विसरण्याबद्दल झालं. एक-दोन दिवसांतच बरळायला लागल्या, दिवसरात्र कळेना झालं, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.