बरोबर दिवस कोणता होता?

"मी घाई तर नाही ना केली?" म्हातारं मांजर गमावलेली माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा बसल्या बसल्या हा प्रश्न निघतो. रडू येतं याची त्यांना तक्रार नसते. हा प्रश्न रात्री तीनला जागं करतो, म्हणून ती येतात. डॉक्टरांच्या इंजेक्शनने निरोप दिलेला असेल तर हमखास. हे इतक्या वेळा ऐकलं आहे की एका बाईंची गोष्ट, ओळखीचे तपशील बदलून आणि बऱ्याच बैठका थोडक्यात आणून, इथे मांडते.

त्यांची चिंगी सतरा वर्षांची होती. शेवटचं दीड वर्ष किडनीचा आजार. रोज संध्याकाळी मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची, १०० मिली सलाईन सोडायचं. सकाळी मळमळीची गोळी. दर रविवारी वजन. वजन ४.१ किलोवरून २.६ वर आलं, खाणं थांबलं, आणि डॉक्टरांशी बोलून त्यांनी निर्णय घेतला. त्याला दोन महिने झाले होते.

"अजून आठवडाभर तरी जगली असती," त्या म्हणाल्या. पाचेक मिनिटांनी, त्याच सुरात, "शेवटचे पंधरा दिवस किती हाल झाले तिचे. मी आधीच सोडवायला हवं होतं."

मी दोन्ही वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे दोन्ही कसं खरं असेल?" त्यांनीच विचारलं.

"तुम्ही सांगा. बरोबर दिवस कोणता होता? तारीख काढून आणा."

सलाईन, वजन, खाणं, सगळं त्या एका कॅलेंडरवर लिहीत असत. पुढच्या वेळी ते घेऊनच आल्या. एकेका तारखेवर बोट ठेवत गेलो. या दिवशी काही खाल्लं नाही, पण दुसऱ्या दिवशी वाटी चाटून पुसून ठेवली. या दिवशी शी-शूच्या ट्रेपर्यंत पोहोचली नाही, पण संध्याकाळी खिडकीत चढून बसली. कोणत्याही दिवशी 'आज' म्हणावं तर लगेच पुढची चांगली नोंद आड येई. शेवटच्या रकान्यापाशी पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, "तसा दिवस नव्हताच, मॅडम."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी धीराचं एक वाक्य जरी उच्चारलं तरी समोरच्याने स्वतः शोधलेलं निसटतं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "म्हणजे मी चुकवलं तरी काय?"

मला वाटतं, या कामाचा गाभा इथे आहे. अपराधीपणाला वस्तुस्थिती शोधायचीच नसते. चूक माझी होती असं धरलं की निदान गोष्ट माझ्या हातात होती असं वाटतं. माझ्या हातात काहीच नव्हतं, हे मान्य करणं त्याहून जड. शिवाय दीड वर्ष रोज ठरल्या वेळी सेवा करणारे हात एका दिवसात रिकामे होतात, आणि टोचणी त्या हातांना काम पुरवते. म्हणून 'तुमची काही चूक नाही' असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही. माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन पुन्हा हिशोब मांडतो. हिशोब एकदा शेवटापर्यंत करू द्यावा, कागदावर, तारखांसह.

त्यात एक नियम पाळायला लावते: प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी काय दिसत होतं आणि काय माहीत होतं, एवढंच लिहायचं. नंतर कळलेलं लिहायचं नाही. 'पाणी जास्त पीत होती, मला तेव्हाच कळायला हवं होतं,' हे बहुतेकांच्या स्वतःवरच्या आरोपातलं दुसरं कलम असतं. मांजर आजार लपवतं, आणि किडनीचं साधारण पाऊण काम थांबेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा जो कचरा तपासणीत मोजतात तो, फारसं वाढत नाही. डॉक्टरांच्या तपासणीलाही जे उशिरा सापडतं, ते घरच्या डोळ्यांना आधी कसं दिसणार?

शेवटच्या मिनिटांबद्दलच्या शंका मनात ठेवू नयेत, डॉक्टरांना जाऊन स्पष्ट विचाराव्यात. "ती माझ्याकडे बघत होती", "नंतर श्वास घेतला, म्हणजे जिवंत होती" ही दोन वाक्यं फार ऐकते. सहसा आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. मेल्यावर मांजराचे डोळे उघडेच राहतात. एखादा खोल श्वास किंवा स्नायूंची थरथर नंतरही होऊ शकते, आणि तिच्यात जाणीव नसते. एवढं कळल्यावर या बाई त्या रात्री झोपल्या.

ज्यांचं मांजर अजून आहे आणि निर्णय पुढे आहे, त्यांनी नोंदी आत्ताच सुरू कराव्यात. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यक तज्ज्ञांची एक मोजपट्टी उपयोगी पडते: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहण्यासारखी स्थिती मानतात. आकडा निर्णय घेत नाही, पण नंतर स्वतःवर खटला चालवताना तो साक्षीला असतो.

रिकामी झालेली वेळ हा वेगळाच प्रश्न. या बाई संध्याकाळी सातला सैरभैर होत, कारण ती सलाईनची वेळ. ती वेळ टाळू नका, आधी ठरवून भरा: त्या अर्ध्या तासात चिंगीबद्दल लिहायचं, मग घराबाहेर पडायचं. वाटी, ट्रे, अंथरूण दुसऱ्या कुणी एका दिवसात आवरू नये. एकेक वस्तू, स्वतःच्या हाताने. पायाशी वजन जाणवणं, दारात चाहूल लागणं हे वेड नव्हे, शरीराला लागलेली सवय आहे. नातं संपवून पुढे जायचं असतं, हे मला पटत नाही. त्याला दुसरी जागा द्यायची असते.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याच्याकडे लक्ष हवं. ते शोधत फिरतं, ओरडतं, कमी खातं. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दुःख म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराचं यकृत काही दिवसांत बिघडू शकतं. लहान मुलाला 'झोपवलं' म्हणू नका, ते झोपेलाच घाबरेल. 'मेली' म्हणा.

'मांजरच तर होतं' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. समाज ज्या शोकाला शोक मानत नाही, त्यावर शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्येच लिहिलं आहे, तेव्हा तुम्ही एकटे नाही. मात्र कित्येक आठवडे झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल तर मदत घ्या. जगू नये असं वाटत असेल, तर आजच.

शेवटच्या बैठकीत बाईंनी विचारलं, "दुसरं आणू का?" मी विचारलं, चिंगीसारखं हवंय का? हो म्हणाल्या. मग अजून नको, म्हटलं.