‘प्रामाणिक उपासना’ की ‘खरेपणाने केलेली उपासना’?

पुण्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पुस्तिकेसाठी लेख लिहिणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, ‘ख्रिस्ती व्यक्तीच्या जीवनात प्रामाणिक उपासनेचे महत्त्व’ हे शीर्षक कानाला खटकते, परंतु त्यात नेमके काय बिघडले आहे ते सांगता येत नाही. आणि ‘उपासना’ऐवजी ‘आराधना’ किंवा ‘भक्ती’ हा शब्द घातल्यास ते सुधारेल काय? शीर्षकात व्याकरणाची चूक नाही. खटकते ते ‘प्रामाणिक’ हे विशेषण, आणि ते का खटकते हे समजण्यासाठी ‘उपासना’ या नामाचे ख्रिस्ती मराठीत काय झाले आहे ते आधी पाहावे लागते.

‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस्’ म्हणजे बसणे. जवळ बसणे, सान्निध्यात राहणे हा उपासनेचा मूळ अर्थ. सर्वसाधारण मराठीत हा शब्द एखाद्याने अंगीकारलेल्या आणि दीर्घकाळ चालू ठेवलेल्या साधनेसाठी येतो: गणपतीची उपासना, स्वरांची उपासना, बलोपासना, ज्ञानोपासना. अशी उपासना अमुक वाजता सुरू होऊन तमुक वाजता संपत नाही. समर्थ रामदासांनी ‘उपासनेला दृढ चालवावें’ असे म्हटले, तेव्हा ‘चालवणे’ याचा अर्थ खंड पडू न देणे असा होता. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये मात्र ‘उपासना’ हे रविवारी एकत्र जमून होणाऱ्या विधीचे नाव झाले. त्यात गीते असतात, शास्त्रवाचन असते, संदेश, प्रार्थना, अर्पण आणि शेवटी आशीर्वाद असतो. लोक ‘उपासनेला’ जातात, ‘उपासना सुटल्यावर’ आवारात बोलत उभे राहतात, आणि ‘आज उपासना कोणी चालवली?’ असे विचारतात, तेव्हा क्रियापद रामदासांचेच असले तरी अर्थ सूत्रसंचालनाच्या जवळ गेलेला असतो. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाचे नाव ‘उपासना संगीत’ आहे, तेही याच अर्थाने. कॅथलिक मराठीत त्या विधीला ‘मिस्सा’ असे वेगळे नाव असल्यामुळे ‘उपासना’ या शब्दावर हा भार तितका पडलेला नाही.

त्यामुळे ख्रिस्ती वाचकाच्या कानात ‘उपासना’ या एकाच शब्दात दोन अर्थ राहतात: देवासमोर माणसाने जे करायचे ते, आणि रविवारी सकाळी जे होते ते. ‘प्रामाणिक’ हे विशेषण लावले की ते घसरून दुसऱ्या अर्थावर जाऊन बसते, आणि ‘प्रामाणिक सभा’ म्हटल्यासारखे वाटते. त्यात ‘प्रामाणिक’ या शब्दाचाही स्वतःचा एक इतिहास आहे. तो ‘प्रमाण’पासून आला असून, ‘प्रमाणाला धरून असलेले, विश्वसनीय’ हा त्याचा जुना अर्थ आजही लिखित मराठीत अधूनमधून डोकावतो. रोजच्या बोलण्यात तो मुख्यतः व्यवहारातल्या सचोटीचा शब्द आहे. दुकानदार, भाडेकरू, कारकून प्रामाणिक असतो. देवासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनाची स्थिती सांगण्यासाठी तो कोरडा पडतो, असे माझे मत आहे.

मराठी बायबलने येथे काय केले हे पाहण्यासारखे आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर आलेली शोमरोनी (यहूद्यांपासून वेगळ्या झालेल्या समाजातील) स्त्री येशूला जो प्रश्न घालते तो स्थळाचा आहे: आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही यहूदी म्हणता की यरुशलेमात करावी. येशू दोन्ही स्थळे बाजूला ठेवतो आणि सांगतो की, खरे उपासक आत्म्याने व खरेपणाने पित्याची उपासना करतील. या वाक्याची मराठी रचना बारकाईने वाचावी. ‘खरे’ हे विशेषण उपासकाला लागले आहे, ‘खरेपणाने’ हे तृतीयान्त रूप क्रिया कशी करायची ते सांगते, आणि ‘उपासना’ या नामापुढे एकही विशेषण नाही. ‘खरी उपासना’ असे म्हटले असते तर तिच्यासमोर ‘खोटी उपासना’ उभी राहिली असती, आणि कोणाचा विधी बरोबर, कोणाचे स्थळ बरोबर हा त्या स्त्रीचा मूळ वाद जसाच्या तसा परत आला असता.

‘खरेपणा’ हा शब्द मला येथे विशेष आवडतो, कारण मूळ ग्रीक शब्दाचा मुख्य अर्थ ‘सत्य’ असला तरी ‘खरेपणा’त सत्य आणि निष्कपटपणा हे दोन्ही मावतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ‘सात्त्विकपणा व खरेपणा ह्या बेखमीर भाकरींनी’ सण पाळावा असे आहे; तेथेही तोच शब्द, आणि तेथेही तो सण पाळणाऱ्यांच्या वागण्याविषयी आहे. अशा ठिकाणी ‘सत्यनिष्ठ अंतःकरणपूर्वक समाराधना’ असे जड काही लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. केडगावला मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंना संस्कृत येत होते, पण त्यांनी कमी शिकलेल्या वाचकालाही कळेल अशीच मराठी धरली.

आता ‘आराधना’ आणि ‘भक्ती’. ‘आराधना’त ‘राध्’ धातू आहे. प्रसन्न करणे, संतुष्ट करणे ही त्याची छटा. शिवाय अलीकडच्या मंडळ्यांमध्ये ‘स्तुती-आराधना’ म्हणजे वाद्यांसह गायनाचा भाग असा अर्थ पक्का होत चालला आहे, म्हणजे तेथेही शब्द पुन्हा कार्यक्रमाकडेच झुकला. ‘भक्ती’ हा मनाच्या भावाचा शब्द असल्याने त्यात खरेपणा गृहीतच धरलेला असतो. म्हणून भक्ती खोटी असेल तेव्हाच मराठी माणूस विशेषण शोधतो, आणि बगळ्याच्या ध्यानापर्यंत जाऊन पोचतो. तेव्हा शब्द बदलून फारसे हाती लागणार नाही.

‘उपासना’ ठेवण्याचे आणखी एक कारण लेखाच्या विषयातच आहे. खरेपणाने उपासना करण्याविषयी शुभवर्तमानांत जे येते ते बहुतेक विधीच्या बाहेर जाणारे आहे. हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात पण त्यांचे अंतःकरण माझ्यापासून दूर आहे, हे यशया संदेष्ट्याचे वचन येशू परूशी व शास्त्री या यहूदी धर्मपुढाऱ्यांना ऐकवतो. डोंगरावरील प्रवचनात तो सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. म्हणजे उपासनेतून उठून जाणे हाही उपासनेचा भाग ठरतो, आणि भांडण मिटवल्याशिवाय ती पुरी होत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पावीत असे लिहितो आणि त्याला ‘सेवा’ म्हणतो; मूळ ग्रीक शब्द लात्रेइया, म्हणजे देवाची सेवा आणि उपासना दोन्ही. रोजच्या जगण्याला व्यापणारा हा अर्थ मराठीला नवीन नाही. स्वरांची वा ज्ञानाची उपासना म्हणताना आपण तोच वापरतो. लेखकाने पहिल्याच परिच्छेदात हा व्यापक अर्थ एका वाक्यात सांगून टाकला, तर वाचक रविवारच्या तासाशी अडखळणार नाही.

शीर्षक ‘ख्रिस्ती जीवनात खरेपणाने उपासना करण्याचे महत्त्व’ असे करावे. ते लांब वाटल्यास ‘खरा उपासक’ एवढेही पुरेल. मजकुरात ‘मनापासून’ आणि ‘मनोभावे’ हे दोन्ही निःशंक वापरावेत. ‘मनोभावे’ हा शब्द देवळातला म्हणून काही ख्रिस्ती लेखक टाळतात, पण त्याला कारण दिसत नाही, कारण ‘उपासना’ तरी कोठून आली?