गवतावर पोसलेले बीफ: सल्लागार आणि पशुपालकांच्या प्रश्नांना उत्तरे

गवतावर पोसलेल्या बीफचे उत्पादन आणि विक्री या विषयावरच्या प्रशिक्षणात पशुपालक आणि त्यांना सल्ला देणारे कार्यकर्ते जे प्रश्न विचारतात, त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. कत्तल आणि मांसविक्रीबाबत आपापल्या ठिकाणचा कायदा काय सांगतो ते आधी पाहावे. खालचे सगळे त्यानंतरचे आहे.

जनावरे दिवसभर कुरणात असतात, तरी वजन का वाढत नाही?

दिवसभर कुरणात असणे म्हणजे पोटभर चारा मिळणे नव्हे. ४०० किलोच्या वाढत्या जनावराला रोज वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे १० किलो शुष्क चारा (पाणी वगळून उरणारा) लागतो. कोवळ्या हिरव्या गवतात ७५ ते ८० टक्के पाणी असते. त्या हिशेबाने रोज ४० ते ५० किलो हिरवे गवत पोटात गेले पाहिजे. गवत ५-६ सेंटिमीटरवर खुरटलेले असेल तर प्रत्येक घासाला फार थोडे तोंडात येते आणि कितीही वेळ चरले तरी ही भरती होत नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास दिसते. गवत निसवले (त्याला तुरे आले), काडी ताठ झाली, कुरण लांबून भरगच्च दिसते. असे जून गवत कोटीपोटात (जनावराच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) जास्त काळ पडून राहते, त्यामुळे जनावर पुढचे खायलाच मागत नाही. पोट टम्म, पण वाढ नाही. शेणावरून हे लगेच कळते. घट्ट, उंच, कडांना वळ्या पडलेले शेण म्हणजे चारा जून आणि प्रथिने कमी. पाण्यासारखे पातळ शेण पडत असेल तर गवत फार कोवळे आहे, तंतू कमी पडतोय. थोडी वाळलेली वैरण द्यावी.

मध्यम उंचीच्या गवतात २०-२५ सेंटिमीटरला जनावरे आत घालावीत आणि ८-१० सेंटिमीटर उरले की बाहेर काढावीत. उंच वाढणाऱ्या गवतांना दोन्ही आकडे वाढवून घ्यावेत. खाली ठेवलेला हा भाग वाया जात नाही, नवी फूट त्याच्याच जोरावर येते. शिवाय जंतांच्या अळ्या बहुतांशी गवताच्या तळाच्या काही सेंटिमीटरमध्ये असतात. तळापर्यंत चारले की अळ्याही पोटात जातात आणि मग जंतनाशकावर खर्च होतो.

आता मोजणी. ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट कुरणात पाच-सहा ठिकाणी टाकावी, आतले गवत १० सेंटिमीटर खुंट ठेवून कापावे, पूर्ण वाळवून वजन करावे आणि सरासरी काढावी. ग्रॅममधल्या या सरासरीला ४० ने गुणले की हेक्टरी किती किलो शुष्क चारा आहे ते मिळते. ३७ ग्रॅम भरले तर हेक्टरी १,४८० किलो. तुडवणे, शेण-मूत्र आणि नावडते गवत यांत साधारण ३० टक्के जाईल असे धरले तर हाती १,०३६ किलो. ४०० किलोच्या २० जनावरांना रोज २०० किलो लागते, म्हणून एका दिवसाचा तुकडा सुमारे १९ गुंठ्यांचा हवा. जोमाच्या वाढीच्या काळात चरलेल्या तुकड्याच्या विसाव्याला ३० दिवस धरले तर असे ३१ तुकडे लागतील, म्हणजे सुमारे ६ हेक्टर. वाढ मंदावली की विसावा ६० दिवसांवर जातो आणि तेवढ्याच जनावरांना जवळपास दुप्पट क्षेत्र लागते. इथेच गणित कोलमडते. बरेच जण जोमाच्या काळातले कुरण पाहून जनावरांची संख्या ठरवतात. संख्या ठरवावी ती मंद काळातल्या कुरणावर, आणि जोमाच्या काळात जे जास्त होईल ते कापून वाळवावे किंवा त्याचा मुरघास (हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा) करावा.

शेवटचे दोन-तीन महिने थोडा मका दिला तर काय बिघडते?

जनावराचे काही बिघडत नाही, दाव्याचे बिघडते. ‘गवतावर पोसलेले’ म्हणून विकताना आईचे दूध सुटल्यापासून कत्तलीपर्यंत जनावराने फक्त चारा खाल्ला, असाच अर्थ ग्राहक घेतो. वाळलेले गवत, गवताचा मुरघास, द्विदल चारा आणि दाणा भरण्याआधी कापलेली तृणधान्ये यांत बसतात. कणसासकट केलेला मक्याचा मुरघास बसत नाही, कारण त्यात दाणा असतो. सल्लागारांकडून सर्वांत जास्त चुकीचा सल्ला याच मुद्द्यावर दिला जातो.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २००७ मध्ये गवतावर पोसलेल्या मांसाच्या दाव्यासाठी ऐच्छिक मानक काढले आणि जानेवारी २०१६ मध्ये ते मागे घेतले. खाजगी प्रमाणन संस्थांचे नियमही एकसारखे नाहीत. म्हणून आपण काय देतो, काय देत नाही, औषधे कधी वापरतो, हे उत्पादकाने स्वतः एका कागदावर लिहून ग्राहकाला दाखवावे. मका द्यायचाच असेल तर बेलाशक द्यावा, फक्त मग तसे सांगून विकावे.

जनावर तयार झाले हे कसे ओळखायचे? आमचे मांस चिवट निघते अशी तक्रार येते.

वय पाहून कत्तलीची तारीख धरू नका, अंगावरची चरबी पाहा. शेवटच्या बरगड्यांवर हात फिरवला तर त्या थोडा दाब देऊनच लागल्या पाहिजेत. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मऊ गाद्या आणि छातीच्या पुढच्या भागात भराव दिसला पाहिजे. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये निदान ५-६ मिलिमीटर चरबीचा थर हवा. स्नायूंच्या आतली चरबी सर्वांत शेवटी भरते, त्यामुळे अखेरच्या ६० ते ९० दिवसांत वाढ अडली तर आधीची मेहनत पाण्यात जाते. या काळात सर्वांत चांगले कुरण याच जनावरांना द्यावे: पचनीयता ६५ टक्क्यांच्या आसपास, प्रथिने १२ ते १४ टक्के. ३०० किलोचे जनावर ४८० वर न्यायला रोज ८०० ग्रॅम वाढीने २२५ दिवस लागतात, ५०० ग्रॅम वाढीने ३६०.

वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत अंदाजे वजन मिळते. महिन्यातून एकदा, नेहमी त्याच वेळी मोजावे. कोटीपोटातल्या चाऱ्या-पाण्याचाच फरक १५-२० किलोंचा पडतो आणि माणूस उगाच हुरळतो किंवा घाबरतो.

चिवटपणाची दोन कारणे कत्तलीच्या आसपासची आहेत आणि त्यांचा चाऱ्याशी थोडाच संबंध आहे. पहिले, ताण. हाकारा, काठी, अनोळखी जनावरांशी झुंज, लांबचा प्रवास यांत स्नायूंतले ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपते. मग मांसाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) नेहमीच्या ५.४ ते ५.७ वर उतरत नाही. तो ६ च्या वर राहिला की मांस काळपट, चिकट दिसते आणि लवकर खराब होते. एका रात्रीच्या विश्रांतीने ग्लायकोजेन भरून निघत नाही, त्याला काही दिवस जातात. दुसरे, घाईचे थंडावणे. सामू ६ च्या खाली येण्याआधीच धड (कातडे, डोके, आतडी काढलेले जनावर) १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर स्नायू आखडतात, आणि ते मांस कितीही मुरवले (थंडीत टांगून ठेवले) तरी पुरते मऊ होत नाही. कमी चरबीचे लहान धड लवकर गार पडते, म्हणून गवतावरच्या जनावरांत हा धोका जास्त. पहिल्या दहा तासांत शीतगृहाचे तापमान कसे उतरवतात, हे कत्तलखान्यात जाऊन विचारावे. त्यानंतर ० ते ४ अंशांत १० ते १४ दिवस धड टांगून ठेवल्यास फरक दिसतो.

लसूणघास आणि कोवळी ज्वारी चारली तर चालेल का?

लसूणघासासारखा द्विदल चारा कुरणात निम्म्यापेक्षा कमी ठेवावा आणि उपाशी जनावर दवात भिजलेल्या चाऱ्यात सोडू नये. आधी वाळलेली वैरण खाऊ घालावी. डावी भकाळी फुगली तर पशुवैद्यकाला बोलवावे. ते येईपर्यंत फेसाळ पोटफुगीत २५० ते ५०० मिलिलिटर खाद्यतेल हळूहळू पाजता येते. डोके फार उंच करू नये, नाहीतर तेल फुप्फुसात जाते. ज्वारी ६० सेंटिमीटरच्या आत, किंवा पाण्याचा ताण पडून नव्याने फुटलेली, चारू नये. त्यातल्या सायनाइडने किराळ लागते आणि जनावर काही मिनिटांत जाऊ शकते. वाळवल्याने सायनाइड बरेच उतरते, ज्वारीत साठणारे दुसरे विषारी द्रव्य, नायट्रेट, मात्र तसेच राहते.

दर कसा लावावा?

४८० किलोच्या जनावराचा उतारा (जिवंत वजनातला धडाचा वाटा) ५२ टक्के धरला तर धड २५० किलोचे. थंडावताना आणि मुरताना ४ टक्के घट, उरले २४०. हाडे आणि जास्तीची चरबी काढली की ६५ टक्के, म्हणजे १५६ किलो पॅक करण्याजोगे मांस. खर्चाला भागायचे ते या १५६ ने. जो २५० ने भागतो त्याचा किलोचा दर खर्चापेक्षाच ३८ टक्क्यांनी खाली बसतो. खर्चात कत्तल, कापणी, पॅकिंग, गोठवण, वाहतूक आणि स्वतःची मजुरी धरावी. मजुरी बहुतेक जण विसरतात.

टेंडरलॉइन, रिबआय आणि स्ट्रिपलॉइन या मागणीच्या कापांचा वाटा मिळून जेमतेम आठवा भाग असतो. हॉटेलला तेवढेच विकले तर फ्रीजर खिम्याने भरून राहतो. सुरुवातीला अर्धे किंवा पाव जनावर अशा मिश्र वाट्यांत, आगाऊ रक्कम घेऊन विकणे सुरक्षित. वाटा घेणाऱ्याला नेमके किती किलो मांस मिळेल ते आधी सांगावे, नाहीतर धडाचे वजन डोक्यात ठेवून आलेला ग्राहक फसवल्यासारखा परत जातो. चरबी पिवळसर दिसेल हेही आधीच सांगून ठेवावे. तो रंग गवतातल्या कॅरोटीनचा. ओमेगा-३ चे प्रमाण धान्यावरच्या मांसापेक्षा जास्त असते हे खरे, पण एकूण चरबीच कमी असल्याने माशाच्या तुलनेत ती मात्रा लहानच. आजार बरे होण्याचे दावे करू नयेत.

सल्लागारांसाठी दोन दिवसांचा वर्ग पुरेसा आहे का?

नाही. सभागृहात दाखवलेले कुरण नेहमी एकाच ऋतूतले असते. गट १५-२० जणांचा ठेवावा, त्यात निम्मे सल्लागार आणि निम्मे पशुपालक असावेत. जोमाच्या वाढीत, निसवण्याच्या सुमारास आणि मंद काळात अशा तीन वेळा हा गट एकाच कुरणात न्यावा. दर वेळी प्रत्येकाने चारा किती आहे याचा अंदाज आधी कागदावर लिहावा आणि मगच चौकट टाकावी. अंदाज आणि मोजमाप यांतला फरक पाहून माणूस जेवढे शिकतो तेवढे स्लाइड पाहून शिकत नाही.

चौथी बैठक कापणीघरात घ्यावी. गटाने कुरणात हाताळलेलेच जनावर तिथे धडाच्या रूपात पाहावे: कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, शेवटचे वजन, चरबीचा थर, सामू, पॅक झालेले किलो. त्या दिवशी बोलण्याचे काम खाटकाकडे द्यावे. कुठला काप कसा निघतो आणि कुठे वाया जातो हे त्याला माहीत असते. कत्तलीची तारीख काही महिने आधी ठरवून घ्यावी लागते, म्हणून प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखताना पहिला फोन कत्तलखान्याला करावा.