गीझर तासभर चालू ठेवला तरी पाणी कोमटच येतं. इलेक्ट्रिशियन म्हणतो कॉइल बदला. बदलू की नवीन गीझरच घेऊ?

दोन्ही नको. निदान उद्या सकाळी घड्याळ लावून बघेपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की गीझर २५ लिटरचा, २००० वॅटचा आहे, हीटिंगचा दिवा लागतो, विझतोही, आणि तरी नळाला पाणी कोमट. एवढ्या वर्णनावरून जो माणूस फोनवरच ‘कॉइल गेली’ म्हणतो त्याला घरात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका कॉइलच्या गीझरमध्ये कॉइल अर्धी जात नाही. तुटली तर पाणी गारच राहतं, बॉडीला लागली तर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडतो. कोमट पाणी हे तिचं लक्षणच नव्हे.

दिवा किती मिनिटांनी विझतो ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते, म्हणजे २००० वॅटला अर्धा तास. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांवर आलं की पस्तीस मिनिटं. तेव्हा रात्री गीझर बंद करा, सकाळी गरम नळ सोडून आतलं सगळं पाणी गार होऊ द्या, मग गीझर चालू करून कुठलाही नळ न उघडता वेळ मोजा.

पाच-दहा मिनिटांत विझला तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की कॉइलची वीज तोडणारा भाग, लवकर तोडतोय. अर्ध्या तासाच्या आसपास विझला तर गीझर ठणठणीत आहे, पाणी आत तापलेलं आहे आणि भानगड पुढे नळापर्यंतच्या वाटेत आहे. तास उलटला तरी विझत नसेल तर एक तर वीज पुरेशी जात नाही, नाहीतर तापलेलं पाणी कुठेतरी निघून जातंय.

आमच्या दाजींकडे मधला प्रकार होता, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. एक गीझर, दोन बाथरूम. एका बाथरूमचं नूतनीकरण झालं, टाइल्स आल्या, हँड शॉवर आला, आणि त्या हिवाळ्यात दोन्हीकडे पाणी कोमट. इलेक्ट्रिशियनने आधी कॉइल बदलली, मग थर्मोस्टॅट. फरक शून्य. दाजींचं निदान ठाम: टँकरचं पाणी, क्षार बसले, उष्णता क्षारच खातात. गीझरचा दिवा मात्र रोज अर्ध्या तासात इमानदारीत विझत होता आणि गीझरच्या खालून निघणारा गरम पाण्याचा पाइप, नळ सोडल्यावर, हातात धरवत नव्हता. म्हणजे पाणी गीझरमधून कढत निघत होतं आणि बेसिनला कोमट पोचत होतं.

अशा वेळी करायची चाचणी एकच, आणि तिला पान्हासुद्धा लागत नाही. गीझर स्विचवरून बंद करा. गीझरकडे जाणाऱ्या गार पाण्याचा अँगल कॉक पूर्ण बंद करा. आता बेसिनचा गरम नळ उघडा. गीझरला पाणीच जात नसल्यामुळे दोन-चार सेकंद गळून धार थांबायला हवी. दाजींकडे ती थांबली नाही, चांगली बोटभर जाड धार चालूच राहिली. गीझर बंद, त्याचा कॉक बंद, मग गरम लाइनीत हे पाणी आलं कुठून? नव्या बाथरूमच्या मिक्सरमधून. हँड शॉवरच्या दांड्यावर बटण होतं, त्यामुळे मिक्सरचे गरम आणि गार दोन्ही नॉब कायम उघडे ठेवून पाणी बटणाने बंद करायची घरात सवय लागली होती. बाहेरची वाट बंद, आतून मात्र गार आणि गरम लाइन एकमेकींना जोडलेल्या. कुठेही गरम नळ उघडला की त्या लाइनीतला दाब उतरतो आणि गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत घुसतं. गीझरच्या वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि अर्ध्या इंचाचे कनेक्शन पाइप, मिक्सरच्या वाटेत काहीच अडथळा नाही, त्यामुळे गार पाण्याचा वाटा मोठा. ते दोन नॉब बंद केले तशी बेसिनची धार बारीक झाली आणि थांबली.

उपाय फुकटात: अंघोळ झाली की बटणाने नाही, नॉबने बंद करायचं. सवय बदलणं जमणार नसेल तर त्या मिक्सरच्या गरम आणि गार दोन्ही फाट्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकून घ्या. सिंगल लिव्हर मिक्सरचं आतलं कार्ट्रिज झिजलं तरी हेच होतं, आणि तिथे नॉब बंद करून काही उपयोग नाही, कार्ट्रिजच बदलावं लागतं. सोसायटीत सोलरची लाइन गीझरच्या आउटलेटला जोडलेली असेल तर तिथेही नॉन-रिटर्न आहे का पाहा. ढगाळ दिवसांत सोलरचं गार पाणी तिथूनच मिसळतं.

कॉक बंद केल्यावर धार नीट थांबली, तरीही पाणी कोमट असेल, तर गीझरच्या आत बघावं लागेल. भिंतीवरच्या उभ्या गीझरमध्ये गार पाणी तळाशी सोडतात आणि गरम पाणी एका लांब नळीने वरून उचलतात. ही नळी तळाजवळ कुजून तुटली की नुकतं आत आलेलं गार पाणी सरळ बाहेर पडतं. इनलेट-आउटलेट उलटे जोडले तरी तोच परिणाम. निळी चकती ती गार, लाल ती गरम. नवीन प्लंबिंगनंतर हे आधी तपासा.

आता क्षारांबद्दल, कारण दाजी हे वाचणार आहेत. कॉइल २००० वॅट घेत असेल तर २००० वॅटची उष्णता पाण्यातच जाते. ती पाण्यात बुडालेली आहे, उष्णतेला दुसरी वाटच नाही. क्षारांचा थर ती अडवून धरत नाही, त्यामुळे कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जळते, एवढंच. क्षारांचा खरा उपद्रव वेगळा: थर्मोस्टॅटची नळी कॉइलला अगदी खेटून असते, दोघींच्या मधे क्षारांचा पूल तयार झाला की थर्मोस्टॅटला पाण्याचं नव्हे, कॉइलचं तापमान कळतं आणि तो पाच मिनिटांत तोडतो. हा वर सांगितलेला पहिला प्रकार. गीझरचा तापमानाचा नॉब कमीवर नसेल आणि दिवा लवकर विझत असेल तर फ्लँज, म्हणजे कॉइल ज्यावर बसवलेली असते ते झाकण, उघडून साफसफाई करा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे ढोकळ्यासाठी किराणा दुकानात मिळतं ते, घालून कॉइल तासभर बुडवून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, तांब्याची नळी चिरते. टाइल्स धुवायचं ॲसिड तर मुळीच नको. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड निम्म्याहून झिजला असेल तर तोही बदला, आणि फ्लँजचं गॅस्केट दरवेळी नवं. बसवल्यावर गरम नळातून हवा न फुरफुरता सलग पाणी येईपर्यंत स्विच लावायचा नाही. कोरडी कॉइल बघता बघता जळते.

दिवा विझतच नसेल तर घरातलं बाकी सगळं, फ्रीजसुद्धा, बंद करून विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा मोजा. एका युनिटला किती लुकलुकी ते मीटरवर छापलेलं असतं. ३२०० असेल तर २००० वॅटला मिनिटाला साधारण १०७ व्हायला हव्यात, १६०० असेल तर ५३. जवळजवळ शून्य असतील तर कॉइल खरोखर तुटली आहे. काही मॉडेलमध्ये हीटिंगचा दिवा कॉइलला समांतर असतो, ती तुटली तरी तो जळत राहतो. ३२०० च्या मीटरवर सत्तरेक भरल्या तर व्होल्टेज बघा: १९० व्होल्टला २००० वॅटची कॉइल १३६५ वॅटच देते आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो. प्लगची पिन काळी पडली असेल तर १६ अँपिअरचं सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला.

कॉइल अर्धी जात नाही म्हटलं, त्याला एक अपवाद आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. कॉइलची नळी फुटून आतली तार पाण्याला लागली, घरात आरसीसीबी नसला आणि अर्थिंगही कच्चं असलं, तर ती अर्धवट चालत राहते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वरच्या चाचण्या वगैरे काही करू नका, एमसीबी पाडा आणि गीझर दुरुस्त होईपर्यंत ते पाणी वापरू नका. कव्हर उघडतानाही नुसता स्विच पुरत नाही, एमसीबीच पाडायचा आणि टेस्टरने खात्री करायची. आत लाल किंवा काळ्या बटणाचा कटआउट असतो, पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा. गार झाल्यावर एकदा दाबून बघा, पुन्हा पडला तर बहुधा थर्मोस्टॅट चिकटलेला आहे. कोणी कटआउट वगळून सरळ वायर जोडलेली दिसली, किंवा टपकतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारलेलं दिसलं, तर ते आधी पूर्ववत करून घ्या. पाणी तापताना थोडं टपकणं हे त्या व्हॉल्व्हचं कामच आहे, २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जाताना पाव लिटरहून जास्त फुगतं.

नवीन गीझर टाकीच गळायला लागली तर घ्या. दाजींनी घेतला. अजून म्हणतात की फरक त्याने पडला, नॉब मात्र आता सगळे बंद करतात.