कुरणावर कोंबडीखत टाकल्यावर स्वॅट मॉडेल फॉस्फरस इतका कमी का दाखवतं?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: ओक्लाहोमा-आर्कान्सा सीमेवरच्या युचा-स्पॅव्हिनॉ पाणलोटात (टल्सा शहराच्या पाण्याचा एक भाग इथून जातो) कुरणांवर कोंबडीखत टाकलं जातं. स्वॅट 2012 मध्ये (पाणलोटातलं पाणी, माती आणि पोषकद्रव्यं यांचा हिशेब करणारं संगणकीय मॉडेल) नदीचा प्रवाह नीट जुळतो, पण खत टाकल्यानंतरच्या पहिल्या पावसात विरघळलेला फॉस्फरस मोजमापाच्या जवळपासही येत नाही. मग फॉसकेडी (वरच्या मातीतला आणि वाहत्या पाण्यातला फॉस्फरस यांचं गुणोत्तर ठरवणारा आकडा) किती ठेवायचा?

फॉसकेडीला हात लावू नका, चूक तिथे नाही. स्वॅटला 'जमिनीवर पडून राहिलेलं खत' ही गोष्टच माहीत नाही. खत टाकल्याच्या दिवशीच त्यातला फॉस्फरस मातीच्या कप्प्यांत जमा होतो. एफआरटी-सरफेस (खताचा किती हिस्सा वरच्या थरात जातो तो आकडा) बदलला नसेल तर त्यातला फक्त 20 टक्के वरच्या 10 मिमी थरात राहतो, बाकीचा खाली. नांगरून खत गाडणाऱ्या शेताला हे एक वेळ चालेल. कुरणात खत गवतावरच पडून असतं आणि पाऊस आधी त्यालाच धुतो.

आकड्यांत बघा. हेक्टरी 5 टन खत, ओलावा 25 टक्के, म्हणजे कोरडं 3750 किलो. पाण्यात विरघळणारा फॉस्फरस किलोमागे 3 ग्रॅम धरला तर हेक्टरी 11.25 किलो. पाऊस 25 मिमी, त्यातले 5 मिमी वाहून गेले.

स्वॅटच्या हिशेबाने वरच्या थरात 2.25 किलो. मातीची घनता 1.3, थर 10 मिमी, फॉसकेडी 175. 2.25 × 5 भागिले (1.3 × 10 × 175), म्हणजे हेक्टरी जेमतेम 0.005 किलो.

आता हाच पाऊस सरफॉसच्या समीकरणांतून काढा (अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी ती नेमकी याच कामासाठी बांधली आहेत). ग्रॅमभर कोरड्या खतावर किती घनसेंमी पाऊस पडला ते आधी काढायचं: चौरस मीटरवर 25000 घनसेंमी पाऊस भागिले 375 ग्रॅम खत, म्हणजे 66.7. कोंबडी आणि डुकराच्या खतासाठी सुटणारा हिस्सा = 2.2 × 66.7 ÷ (66.7 + 300.1) = 0.40. म्हणजे 4.5 किलो सुटला. 25 मिमी पाण्यात तो लिटरला 18 मिग्रॅ होतो. सगळा वाहत नाही, म्हणून (वाहिलेलं पाणी ÷ पाऊस) चा 0.225 वा घात, इथे 0.70, याने गुणायचं. उरले साधारण 12.5 मिग्रॅ. 1 मिग्रॅ/लिटर गुणिले 1 मिमी म्हणजे हेक्टरी 0.01 किलो, तेव्हा वाहून गेलेला फॉस्फरस 0.63 किलो. स्वॅटच्या शंभरपटीहून जास्त! गाईगुरांच्या खताला 2.2 आणि 300.1 च्या जागी 1.2 आणि 73.1 घ्या.

फॉसकेडी कमी करून ही दरी भरली तर वर्षाची बेरीज जुळेलही. पण मग खत न टाकलेल्या शेतांतूनही, बारा महिने, फॉस्फरस गळायला लागेल आणि 'खत पंधरा दिवस उशिरा टाकलं तर?' या प्रश्नाला मॉडेल बिनधास्त चुकीचं उत्तर देईल. असलं कॅलिब्रेशन मी तरी मान्य करणार नाही.

सरफॉसचा कोड स्वॅटमध्ये घालून लोकांनी वापरलेला आहे. फोरट्रानच्या (स्वॅटचा कोड ज्या संगणकीय भाषेत आहे ती) वाटेला जायचं नसेल तर स्वॅटमधून प्रत्येक एचआरयूचा (एकसारखा जमीनवापर, माती आणि उतार असलेला तुकडा) दैनिक पाऊस आणि वाहिलेलं पाणी काढा आणि खताचा हिशेब एक्सेलमध्ये चालवा. मात्र प्रत्येक पावसानंतर सुटलेला फॉस्फरस खताच्या कप्प्यातून वजा करा, नाहीतर तोच फॉस्फरस दर पावसात नव्याने वाहत राहील. वरच्या उदाहरणात सुटलेल्या 4.5 पैकी न वाहिलेले 3.9 किलो मातीत मुरले, ते मातीच्या खात्यावर टाका. खताचा हिशेब बाहेर करताय, तर स्वॅटमधल्या खतनोंदीतला खनिज फॉस्फरस शून्य करायला विसरू नका. दुहेरी मोजणी इथेच होते.

प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की आधी एकक बघा. आकडा पी2ओ5 चा असेल तर 0.4364 ने गुणा. टक्केवारी ओल्या वजनावर की कोरड्या, तेही विचारा. विरघळणारा फॉस्फरस काढताना खताला किती पट पाणी घेतलं याने निकाल बदलतो: दहापट पाण्यात शंभरपटीपेक्षा कमी निघतो.

मातीतून येणारा वाटा वेगळा धरा. मेहलिच-3 (मातीतला फॉस्फरस मोजायची एक चाचणी) 100 मिग्रॅ/किलो असेल तर वाहत्या पाण्यात लिटरला साधारण 0.2 मिग्रॅ, म्हणजे वरच्या पावसात 0.01 किलो. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीवर हेच करणार असाल तर जपून. आपल्याकडे अहवाल ओल्सेन या वेगळ्या चाचणीचा असतो, त्याला हे 100 ला 0.2 चं प्रमाण लागू नाही. शिवाय पावसाळ्याआधी पसरलेलं शेणखत वखराच्या पाळीने मातीत मिसळतं, तेव्हा पृष्ठभागावर उरतं ते थोडंच.

आणि मॉडेलमध्ये सगळ्या कुरणांवर एकाच तारखेला खत टाकू नका. त्याच्या दुसऱ्या दिवशी मॉडेलमध्ये पाऊस आला तर असा सुळका दिसेल की समीकरणांवरच संशय येईल. शेतकरी ट्रॉल्या फिरवत तीन-चार आठवडे खत टाकतात. एचआरयूंच्या तारखा तशाच विखरा.